वांग : रोग कोणाचा, दोष कोणाचा ?

कॉलेजांत उभी हयात जीवशास्त्र शिकविण्यांत घालविलेल्या मनुष्यानें स्त्रियांच्या गालांवरील डागांविषयीं एका वाङ्मयीन मासिकांत लेख लिहावा, हें कित्येकांस प्रशस्त वाटणार नाहीं. विषय वैद्यकाचा आहे, तो वैद्यांवर सोपवावा, असें एक पक्ष म्हणेल. विषय नटण्यामुरडण्याचा आहे, गंभीर वाचकाचा वेळ त्यांत कां दवडावा, असें दुसरा पक्ष म्हणेल. दोघांनाहि माझें उत्तर एकच आहे. ज्या गोष्टीविषयीं आपल्या सुशिक्षित घरांतून रोज बोललें जातें, आणि बहुतेक वेळां चुकीचें व दुखविणारें बोललें जातें, ती गोष्ट वैद्याच्या खोलींत कोंडून ठेवतां येत नाहीं. आणि ज्या डागापायीं शहाण्यासुरत्या बायका आपल्या कातडीचा, प्रसंगीं मूत्रपिंडांचाहि नाश करून घेतात, ती गोष्ट नटण्यामुरडण्याची खासच नव्हे.

वांग कसा दिसतो हें सांगण्याचें वास्तविक कारण नाहीं. प्रत्येक घरांत तो पाहिलेला असतो. गालांच्या उंचवट्यांवर, कपाळावर, नाकाच्या दांडीवर, वरच्या ओठावर, क्वचित् जबड्याच्या कडेनें तपकिरी किंवा करडे चट्टे पसरतात, आणि ते दोन्ही बाजूंस बहुधा सारखेच असतात. त्यांना खाज नाहीं, ठणका नाहीं, आणि ते एकाचे दुसऱ्यास लागत नाहींत. पाश्चात्त्य वैद्यकांत याला मेलॅस्मा म्हणतात; काळा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तें नांव पडलें. आपला 'वांग' हा संस्कृत 'व्यंग' शब्दाचा वंशज. ग्रीकांनीं नुसता रंग सांगितला; आपल्या शब्दानें मात्र उणीव सांगितली. नांवांत काय आहे, असें पुष्कळदां म्हटलें जातें. येथें नांवांत बरेंच आहे. चेहऱ्यावर 'व्यंग' दिसलें कीं तें कोणाच्या तरी पदरीं बांधल्यावांचून आपल्याला चैन पडत नाहीं, आणि तो पदर बहुधा त्या बाईचाच असतो.

आरोपांची यादी सर्वांच्या परिचयाची आहे. ही तापट आहे, म्हणून हिला वांग आला. हिचें रक्त बिघडलें. हिचें लिव्हर बरोबर नाहीं. हिचें पोट साफ नसतें. ही जागरणें करते. हिनें लग्नाआधीं तोंडाला काय काय चोपडलें असेल कोण जाणे ! आरोप बदलतात, पण आरोपी बदलत नाहीं. आणि हे आरोप करणाऱ्यांत अडाणी माणसेंच असतात असें नव्हे. पदवीधर सासवा, पदवीधर नवरे, आणि (हें लिहितांना वाईट वाटतें) पदवीधर मैत्रिणीहि त्यांत असतात.

यांपैकीं रागाचा आरोप सर्वांत जुना, आणि त्याच्या पाठीशीं मोठें नांव उभें केलें जातें. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत क्षुद्ररोगांमध्यें व्यंगाचें वर्णन आहे. क्रोध व आयास यांनीं प्रकुपित झालेला वायु पित्ताशीं मिळून मुखाकडे येतो आणि तेथें एक मंडल उत्पन्न करतो. तें वेदनारहित, पातळ व काळसर असतें, असें तेथें सांगितलें आहे. मला या वर्णनाविषयीं नितांत आदर आहे. वेदना नाहीं, उंचवटा नाहीं, वर्ण काळसर, स्थान मुख : आजच्या त्वचारोगतज्ज्ञानें टिपण लिहिलें तरी यांतला एकहि शब्द गाळावा लागणार नाहीं. कारणमीमांसा मात्र त्या काळच्या त्रिदोषसिद्धांताला धरून आहे, आणि तशी ती असणारच. पण माझा मुद्दा निराळा आहे. सुश्रुतानें त्या ठिकाणीं स्त्रीचा उल्लेखहि केलेला नाहीं. क्रोध पुरुषाला येतो, आयास पुरुषालाहि पडतात. किंबहुना क्रोधाच्या बाबतींत आपल्या घरांतला पुरुष मुळींच मागें नाहीं. तेव्हां त्या श्लोकांतील क्रोध एकट्या बाईच्या माथीं मारण्याचें श्रेय सुश्रुताकडे जात नाहीं. तें सर्वस्वीं आपलें आहे.

यकृताचा आरोप विलायती आहे. युरोपांतील जुन्या वैद्यकग्रंथांत असल्या डागांना यकृताचे डाग म्हणत. रंग पिवळट-तपकिरी, आणि यकृत तेंहि तपकिरी, एवढ्यावरच तें नातें जुळलें असावें. यकृताच्या कांहीं दीर्घ विकारांत त्वचा काळवंडते हें खरें, पण तें काळवंडणें निराळें आणि वांग निराळा. तरीहि यकृतशुद्धीच्या काढ्यांच्या बाटल्या वांगासाठीं आजहि खपत आहेत.

गर्भारपणीं येणाऱ्या वांगाची कथा याहून वाईट. हिपॉक्रॅटिसच्या नांवावर जो ग्रीक ग्रंथसमूह मोडतो त्यांत, गर्भिणीच्या मुखावर डाग आल्यास तिला मुलगी होते, असा शकुन नोंदलेला आहे. आमच्याकडे कोणी मुलगी म्हणतात, कोणी मुलगा. शकुनाची दिशा घरागणिक बदलते. वरवर पाहतां ही थट्टेची गोष्ट. परंतु ज्या राज्याला १९८८ मध्यें, आणि ज्या देशाला १९९४ मध्यें, पोटांतल्या मुलीला वांचविण्यासाठीं कायदा करावा लागला, तेथें गर्भिणीच्या गालाकडे पाहून अशी भाकितें करणें हा निरुपद्रवी विनोद आहे असें मला वाटत नाहीं.

आतां खरें कारण. यासाठीं वाचकांना माझ्याबरोबर थोडें त्वचेच्या आंत यावें लागेल. पण मी प्रयोगशाळेची भाषा शक्य तितकी बाहेर ठेवून येईन.

त्वचेचा वरचा थर म्हणजे पेशींची एक चिरेबंदी भिंत समजा. या भिंतीच्या अगदीं तळच्या रांगेंत, ठराविक अंतरांवर, एक निराळ्या जातीची पेशी बसलेली असते. तिला मेलॅनोसाइट म्हणतात. आपण रंगपेशी म्हणूं. तिला झाडाच्या फांद्यांसारखे अनेक लांब हात असतात, आणि या हातांनीं ती आपल्या भोंवतालच्या सुमारें ३६ पेशींपर्यंत पोंचलेली असते. तिच्या पोटांत टायरोसिन नांवाच्या अमायनो आम्लापासून मेलॅनिन हा रंग तयार होतो. हें काम टायरोसिनेज नांवाचें विकर करतें, आणि त्या विकराला आपल्या कामासाठीं तांबें लागतें. तयार झालेला रंग ती सूक्ष्म कुप्यांत भरते. या कुप्या तिच्या हातांतून सरकत शेजारच्या पेशींत जातात, आणि तेथें गेल्यावर जी गोष्ट घडते ती मला इतक्या वर्षांनंतरहि सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतांना विस्मित करते. त्या कुप्या वाटेल तशा पसरत नाहींत. पेशीच्या केंद्रकाच्या वरच्या अंगास, म्हणजे जिकडून ऊन येतें त्या अंगास, त्या एखाद्या छत्रीसारख्या गोळा होतात. केंद्रकांत डी. एन. ए. आहे, सूर्याच्या अतिनील किरणांनीं तो तुटतो, त्यावर ही छत्री धरलेली असते. मेलॅनिन हा त्वचेवरचा मळ नव्हे, तो तिच्यावर धरलेली सावली आहे.

दुसरी एक गोष्ट येथेंच सांगून टाकतों, कारण ती पुढें उपयोगी पडणार आहे. अत्यंत गोऱ्या व अत्यंत काळ्या माणसाच्या त्वचेंत रंगपेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. फरक असतो तो कुप्यांच्या आकारांत, त्यांच्या संख्येंत व मांडणींत. ज्या भेदावर आपण सोयरिकी जुळवतों व मोडतों तो एवढाच.

वांग आलेल्या त्वचेचा कण सूक्ष्मदर्शकाखालीं धरला तर काय दिसतें ? रंगपेशी संख्येनें फारशा वाढलेल्या नसतात. पण त्या फुगलेल्या असतात, त्यांचे हात वाढलेले असतात, आणि कुप्यांचा साठा पुष्कळ झालेला असतो. कारखान्यांत नवे कामगार आले नाहींत. जुन्यांकडूनच दुप्पट काम करून घेतलें जात आहे. मग हुकूम कोण सोडतें ? पूर्वीं या प्रश्नाचें उत्तर एका शब्दांत दिलें जाई. आतां असें कळून आलें आहे कीं सगळी वस्तीच त्या कटांत सामील असते. ऊन लागलें कीं वरच्या थरांतील साध्या पेशी रंगपेशीला चेतविणारीं द्रव्यें सोडतात. खालच्या थरांतील, उन्हानें म्हातारे झालेले तंतुजनकहि तसेंच करतात. त्या जागीं रक्तवाहिन्या वाढलेल्या असतात. खालचे लवचीक तंतु उन्हानें गुठळ्या झालेले असतात. आणि दोन थरांमधील जी पातळ फरशी असते ती ठिकठिकाणीं फुटलेली असते. त्या फटींतून रंगाचे कण व प्रसंगीं रंगपेशीहि खालीं लोंबतात. रंग जितका खोल उतरला तितका तो वरून तपकिरीऐवजीं करडा-निळसर दिसतो, आणि तितका तो कोणत्याहि मलमाच्या हाताबाहेर जातो. म्हणजे वांग हा केवळ रंगाचा रोग नव्हे. ज्या त्वचेचा तळ उन्हानें झिजला आहे तिच्यावर उमटलेली ती खूण आहे. नुसता रंग खरवडून तो जात नाहीं आणि गेला तरी परत येतो, याचें कारण हें.

ऊन म्हटलें कीं आपल्या डोळ्यांसमोर शेत उभें राहतें, आणि 'आमच्या घरांतल्या बायका उन्हांत जातात कुठें ?' असा प्रश्न येतो. प्रश्न रास्त आहे, उत्तर मात्र ऐकण्यासारखें आहे. खिडकीची साधी कांच अतिनील किरणांपैकीं आंखूड लहरींचे किरण अडविते; लांब लहरींचे पुष्कळसे आंत सोडते; आणि डोळ्यांना दिसणारा प्रकाश तर सगळाच येतो. हा दिसणारा प्रकाशहि निष्पाप नाहीं. २०१० मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत असें दिसून आलें कीं नुसत्या दृश्य प्रकाशानें सांवळ्या त्वचेवर दीर्घकाळ टिकणारा काळेपणा येतो, गोऱ्यापान त्वचेवर तो येत नाहीं. पुढें २०१८ मध्यें याचें एक कारणहि सांपडलें. ज्या कुळांतील प्रथिनांच्या योगानें आपला डोळा पाहतो त्याच कुळांतलें ऑप्सिन-३ नांवाचें एक प्रथिन रंगपेशींत असतें, आणि निळ्या प्रकाशानें तें जागें होतें. आपली कातडी, एका अर्थीं, पाहते ! आषाढांतील ढगांआडून, खिडकीजवळ तांदूळ निवडतांना, बसच्या कांचेशेजारीं रोज तासभर बसतांना ती पाहतच असते.

दुसरें कारण स्त्रीच्या शरीरांतील संप्रेरकांचें. गर्भारपणीं तीं वाढतात, आणि ज्या त्वचेची मुळांत तशी प्रवृत्ति असते तिच्यावर वांग उमटतो. बाळंतपणानंतर अनेकींचा तो हळूहळू ओसरतो, सर्वांचा नाहीं. संततिनियमनाच्या गोळ्यांनींहि तेंच घडतें. १९६७ मध्यें अमेरिकेंत अशा गोळ्या घेणाऱ्या २१२ स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकीं ६१ जणींना वांग आला होता. त्या काळच्या गोळ्यांत संप्रेरकांचें प्रमाण आजच्यापेक्षां बरेंच मोठें होतें हें लक्षांत घेतलें, तरी संबंध नाकारतां येत नाहीं. गोळी लिहून देणारे किती डॉक्टर ही एवढी गोष्ट आधीं सांगतात ? आणि सांगितली नाहीं म्हणजे काय होतें ? गालावर डाग दिसला, शेजारणीनें कारण सांगितलें, बाईनें घाबरून गोळी आपल्या मनानें बंद केली, आणि नको असतां दिवस गेले. एका वाक्याच्या आळसाची ही किंमत आहे.

तिसरें कारण घराण्याचें. आईला व मावशीला ज्या वयांत वांग आला त्याच वयांत तो मुलीला येतो, हें अनेक कुटुंबांत दिसतें. याविषयीं अधिक लिहिण्याची जरूर नाहीं. आनुवंशिकतेवर कोणाचाच अधिकार चालत नाहीं.

सूर्य, संप्रेरकें, घराणें. या तिहींपैकीं स्वभावाचा दोष कोणता ? यांतलें कोणतें तिनें ओढवून घेतलें ? सूर्य सगळ्यांचा, घराणें बापाचें व आईचें, आणि संप्रेरकें वाढलीं तीं ज्या मुलासाठीं वाढलीं त्याचें बारसें सगळ्यांनीं मिळून केलें. वांग पुरुषांनाहि येतो. रोज उन्हांत फिरणाऱ्यांना विशेष येतो. पण रिक्षावाल्याच्या गालावरचा चट्टा पाहून कोणी त्याला 'राग आवरत जा' असें सांगितल्याचें मीं तरी ऐकलेलें नाहीं.

इथपर्यंतचा दोष अज्ञानाचा, आणि अज्ञानाला क्षमा आहे. यापुढें जें लिहावयाचें आहे त्याला ती नाहीं.

गोष्ट १९३९ च्या सुमाराची. अमेरिकेंतील एका चामडें कमावण्याच्या कारखान्यांत कामगारांच्या हातांवर पांढरे चट्टे उठूं लागले. शोध घेतां असें आढळलें कीं त्यांच्या रबरी हातमोज्यांत रबर टिकावें म्हणून घातलेलें हायड्रोक्विनोनच्या कुळांतलें एक रसायन त्यांच्या रंगपेशी मारीत होतें. दुसऱ्या कोणीं यावरून हातमोजे बदलावे एवढाच धडा घेतला असता. पण ज्या जगांत रंगाची लाज आहे तेथें रंग मारणारें विष म्हणजे सोन्याची खाण. थोड्याच काळांत या कुळांतलीं द्रव्यें मलमांत आलीं.

१९७५ हें साल या इतिहासांत मोठें चमत्कारिक आहे. त्या वर्षीं फिलाडेल्फियाचे क्लिगमन व विलिस यांनीं एक मिश्रण प्रसिद्ध केलें : हायड्रोक्विनोन शेंकडा ५, ट्रेटिनॉइन शेंकडा ०.१, आणि डेक्सामेथासोन नांवाचें स्टेरॉइड शेंकडा ०.१. (क्लिगमन यांचें नांव तुरुंगांतील कैद्यांवरील प्रयोगांमुळें कलंकित झालेलें आहे, पण तो निराळ्या लेखाचा विषय.) त्याच वर्षीं दक्षिण आफ्रिकेंतून फिंडले व त्यांच्या सहकाऱ्यांनीं असें कळविलें कीं हायड्रोक्विनोनचीं गोरेपणाचीं मलमें वर्षानुवर्षें चोळणाऱ्या काळ्या स्त्रियांच्या गालांवर निळसर-काळे, खरखरीत, कायमचे डाग पडत आहेत, गोरें होण्याच्या औषधानें त्या अधिक काळ्या झाल्या, आणि त्यावर उपाय नव्हता. त्या देशाला पुढें अशा मलमांवर बंदी घालावी लागली. आणि त्याच १९७५ मध्यें आपल्या देशांत 'फेअर अँड लव्हली' बाजारांत आली. या मलमावर स्टेरॉइडचा आरोप मी करीत नाहीं. त्याच्या जाहिरातींनीं केलें तें काम निराळें होतें : सांवळी मुलगी नापास व गोरी मुलगी पास, हें त्यांनीं दोन पिढ्यांच्या मनावर कोरलें. २०२० मध्यें त्या नांवांतून 'फेअर' हा शब्द काढून 'ग्लो' घातला गेला. शब्द बदलण्यास पंचेचाळीस वर्षें लागलीं. मन बदलण्यास किती लागतील तें वाचकांनींच ठरवावें.

जमीन अशी नांगरलेली होती, तींत क्लिगमनचें बीं पडलें. वास्तविक तें मिश्रण, किंवा त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या, हें एक खरें औषध आहे. तज्ज्ञानें तपासून, मोजक्या आठवड्यांसाठीं, नजरेखालीं दिलें तर वांग त्यानें उतरतो. पण आपल्याकडे तें औषध राहिलें नाहीं, तें 'क्रीम' झालें. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानांत 'डागांवर कांहीं तरी द्या' म्हटलें कीं स्टेरॉइडची नळी पुढें येते. पहिल्या दोन आठवड्यांत चेहरा उजळतो. शेजारीण विचारते, बहीण मागते, एका नळीच्या चार होतात. मग कातडी पातळ होते. तिच्याखालच्या बारीक शिरा लाल जाळीसारख्या दिसूं लागतात. मुरमें येतात, ओठांवर व हनुवटीवर केस वाढतात. मलम थांबवावें तर तोंडाची आग होते, चेहरा टोमॅटोसारखा लाल होतो. ती आग शमविण्यासाठीं पुन्हा तेंच मलम. हें व्यसन आहे. फरक इतकाच कीं तें तोंडानें घ्यावयाचें नसून तोंडाला लावावयाचें आहे. आणि मूळचा वांग ? तो दुप्पट जोमानें परत आलेला असतो.

२०११ मध्यें आपल्याच देशांतील बारा केंद्रांवरील त्वचारोगतज्ज्ञांनीं एक पाहणी प्रसिद्ध केली. चेहऱ्याच्या विकारासाठीं आलेल्या २,९२६ रुग्णांपैकीं ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावीत होते. आणि त्या ४३३ पैकीं २५७ जणांना तें सुचविणारा डॉक्टर नव्हता. दुकानदार, नातलग, मैत्रीण, सौंदर्यालयांतली बाई, हे आमचे धन्वंतरी ! तज्ज्ञांच्या संघटनेनें पाठपुरावा केल्यावर मार्च २०१८ मध्यें केंद्र सरकारनें चौदा स्टेरॉइड मलमें चिठ्ठीवांचून विकूं नयेत अशी अधिसूचना काढली. कागदावर ती उत्तम आहे. वाचकांनीं आपल्या गल्लींतल्या दुकानांत जाऊन तिची परीक्षा घ्यावी.

स्टेरॉइडहून भयंकर पारा. मघाशीं जें विकर सांगितलें त्याला तांबें लागतें. पारा त्या तांब्याच्या जागीं घुसून तें बंद पाडतो, म्हणून पाऱ्याचीं मलमें चेहरा पांढरा करतात. पण तीं चेहऱ्यावर राहत नाहींत, कातडींतून रक्तांत व रक्तांतून मूत्रपिंडांत जातात. केरळांतील मलप्पुरम् जिल्ह्यांतल्या डॉक्टरांनीं जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळांत मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांपैकीं १५ जणांत त्या विकाराचा एक दुर्मिळ प्रकार निघाला, आणि त्या १५ पैकीं १३ जण गोरेपणाचीं मलमें लावीत होते. नळीवर ना कारखान्याचें धड नांव, ना घटकांची यादी. सौंदर्यप्रसाधनांतून पारा हद्दपार करण्याचा मिनामाटा करार २०१३ मध्यें झाला, आपला देशहि त्यांत आहे; पारा मात्र करार वाचीत नाहीं, आणि विकणारेहि वाचीत नाहींत.

येथें एक आक्षेप मला ऐकूं येतो, आणि तो सुबुद्ध माणसांकडूनच येतो. 'इतका खटाटोप कशाला ? चेहऱ्यावरच्या डागाचें एवढें काय मनावर घ्यावयाचें ? खरें सौंदर्य अंतरंगाचें.' हा उपदेश करणाऱ्यांच्या सद्धेतूविषयीं शंका नाहीं, पण तो बहुधा स्वच्छ चेहऱ्याची माणसें करतात. वांगानें आयुष्यांत काय बिघडतें हें मोजण्यासाठीं २००३ मध्यें दहा प्रश्नांची एक मोजपट्टी तयार झाली. तिच्यांतले प्रश्न खरेदीचे वा फॅशनचे नाहींत. चारचौघांत जावेंसें वाटतें काय, माया दाखवितांना संकोच वाटतो काय, मोकळेपणा गेला असें वाटतें काय, अशा जातीचे ते आहेत. लग्नसमारंभांत पंक्तीच्या कडेला बसणारी, फोटोच्या वेळीं मागें सरकणारी, जावेनें 'हल्लीं तोंड फारच काळवंडलें हो तुमचें' म्हटल्यावर हंसून वेळ मारून नेणारी बाई ज्यानें पाहिली आहे त्याला ही मोजपट्टी लागणार नाहीं. दुःख खरें आहे. तें हलकें लेखलें म्हणूनच त्या बाईला दुकानदाराच्या दारीं जावें लागलें. घरांत कोणीं विचारलें असतें तर ती डॉक्टरकडे गेली असती.

मग करावें काय ? हा वैद्यकाचा लेख नसल्यामुळें थोडक्यांत सांगतों. सर्वांत मोठा उपाय सावलीचा. दाट विणीचें कापड, रुंद कांठाची टोपी, छत्री. आणि सनस्क्रीन लावावयाचें तर आयर्न ऑक्साइड असलेलें, त्वचेच्या रंगाचें लावावें, कारण साधें पारदर्शक सनस्क्रीन दृश्य प्रकाशाला फारसें अडवीत नाहीं. पुण्याच्या मुली दुचाकीवर बसतांना डोळ्यांखेरीज सारें तोंड रुमालानें गुंडाळतात, त्यांची वर्तमानपत्रांतून पुष्कळ टवाळी झालेली आहे. टवाळी करणाऱ्यांनीं वरील परिच्छेद पुन्हा वाचावे. त्या मुलींना जें व्यवहारानें कळलें तें आमच्या विनोदी लेखकांना विज्ञानानेंहि कळलेलें नाहीं. लिंबू, बेकिंग सोडा, दंतमंजन चोळूं नये. कातडी चिडली कीं रंगपेशी अधिकच रंग ओतते. बाकी औषध तज्ज्ञाच्या हातचें घ्यावें, आणि घेण्यापूर्वीं हें समजून घ्यावें कीं वांग काबूंत ठेवतां येतो, मुळासकट उपटतां येत नाहीं. जो 'पंधरा दिवसांत कायमचा' म्हणतो तो एक तर अज्ञानी आहे किंवा त्याच्या नळींत स्टेरॉइड आहे.

अलीकडे तज्ज्ञ कांहीं रुग्णांना ट्रॅनेक्सामिक आम्ल देतात. त्याची हकीकत या सगळ्या काळोख्या इतिहासांत मनाला थोडा उजेड देणारी आहे. उताको ओकामोतो नांवाच्या जपानी विदुषीनें आपल्या पतीसह १९६२ मध्यें हें द्रव्य जगापुढें मांडलें. बाळंतपणांत रक्तस्राव होऊन स्त्रिया मरतात, तो थांबावा, हा त्यांचा ध्यास होता. पुढें १९७९ मध्यें जपानांतच निजो सदाको यांच्या ध्यानांत आलें कीं तें दुसऱ्या कारणासाठीं घेणाऱ्या रुग्णाचा वांगहि फिका झाला. बायका जगाव्या म्हणून शोधलेलें औषध वांगाला लागू पडलें. बायका गोऱ्या व्हाव्या म्हणून शोधलेल्या औषधांनीं त्यांना काय दिलें तें वर आलेंच आहे. अर्थात् तें रक्त गोठण्याशीं संबंध असलेलें औषध आहे, आणि ज्यांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका आहे त्यांना तें घातक ठरूं शकतें. तेव्हां तेंहि शेजारणीच्या सल्ल्यानें घ्यावयाचें नाहीं.

शेवटीं एक गोष्ट राहिली. हा सावलीचा उपाय मी ज्या वाचकांना सांगत आहें त्यांना तो करतां येतो. नाशिककडे कांद्याच्या लावणीला सकाळपासून वाकलेल्या बाईला तो कोण देणार? पदर पुढें ओढून ती जेवढी सावली करते तेवढीच तिची. आयर्न ऑक्साइडवालें सनस्क्रीन बहुधा तिच्या एका दिवसाच्या मजुरीहून महाग असतें. स्टेरॉइडची नळी मात्र गांवच्या दुकानांत तीस-चाळीस रुपयांच्या आसपास मिळते, आणि ती देतांना दुकानदार तिला चिठ्ठी विचारीत नाहीं.